सहलीत दुसऱ्या दिवशीच पायाला फोड येतात? आधी जागा पाहा, मग उपाय

युरोपची दहा दिवसांची टूर असो, राजस्थानातले किल्ले असोत की गिरनार, तक्रार ठरलेली असते. पहिला दिवस झकास जातो, दुसऱ्या दिवशी दुपारी टाच चुरचुरायला लागते आणि तिसऱ्या दिवशी बाकीचे फोटो काढत फिरतात तेव्हा एकजण बसमध्ये पाय वर करून बसलेला असतो. पुढच्या सहलीआधी आणखी महागडे शूज घेतले जातात आणि फोड पुन्हा त्याच जागी उठतो.

‘पुन्हा त्याच जागी’ हाच यातला धागा आहे. फोड पायाच्या कोणत्या भागावर आला यावरून तो का आला हे बहुतेक वेळा सांगता येतं. टाचेच्या फोडावरचा उपाय करंगळीच्या कामाचा नसतो, उलट काही वेळा तो दुसरीकडे नवा फोड आणतो. म्हणून खाली जागेप्रमाणे सांगितलं आहे. तुमची नेहमीची जागा ठाऊक असेल तर तो भाग वाचून सरळ मोजे आणि टेपकडे वळलात तरी चालेल.

फोड होतो कसा

बूट कातडीवर घासतो आणि घासून फोड येतो, असा सर्वसाधारण समज आहे. पण घासल्याने कातडी सोलवटते. पाण्याचा फोड येण्याचं कारण थोडं वेगळं आहे. एका हाताच्या बोटाचं टोक दुसऱ्या हाताच्या मागच्या बाजूवर दाबून धरा आणि बोट घसरू न देता पुढे-मागे हलवा. वरची कातडी बोटाबरोबर जाते, खालचं हाड जागेवर राहतं आणि मधला भाग ओढला जातो. चालताना हेच उलट्या बाजूने घडतं. मोजा आणि कातडी बुटाला धरून राहतात, आतलं हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं. ही ओढाताण पुरेशा वेळा झाली की बाह्यत्वचेच्या आतल्या थरांत चीर पडते आणि त्या पोकळीत पाणी भरतं. वरचं कातडं शाबूत असूनही खाली पाणी का साचतं, याचं उत्तर हे. तळवा आणि टाच इथली कातडी जाड असल्यामुळे फोड तिथेच जास्त येतात. पातळ कातडी असेल तिथे ती आधी सोलवटते.

म्हणजे फोड यायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बुटाच्या आत पाऊल हलणं, कातडी आणि मोजा एकमेकांना घट्ट धरून राहणं, आणि पावलांची संख्या. दमट कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त धरते, त्यामुळे घाम आला की दुसरी गोष्ट आपोआप वाढते. पावलांचं गणितही पाहा. दहा हजार पावलं म्हणजे साधारण सात किलोमीटर. घर-ऑफिस-घर करणाऱ्या माणसाची दिवसाला चार-पाच हजार पावलं होतात. सहलीत तोच माणूस संग्रहालय, बाजार, किल्ला आणि संध्याकाळचा फेरफटका मिळून सहज वीस हजारांवर जातो. पहिल्या दिवशी कातडीचे थर सैल होतात, पाय सुजतात, पण दुखत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच सैल थरांवर पुन्हा वीस हजार पावलं पडतात आणि फोड उठतो.

पावलांची संख्या कमी करायला कोणी सहलीला जात नाही. त्यामुळे उपाय उरतात ते पहिल्या दोन गोष्टींवरचे.

टाचेच्या मागे

ही सगळ्यांत जास्त तक्रारीची जागा. कारण बहुधा एकच: पाऊल उचलताना टाच बुटातून वर सरकते. चढावर आणि पायऱ्या चढताना हे वाढतं. पोटऱ्या आखडलेल्या असतील तरी टाच लवकर उचलली जाते.

आधी बुटाची तपासणी. आतून टाचेच्या कपावर बोट फिरवा. अस्तर फाटून खालचा फोम किंवा प्लास्टिक हाताला लागत असेल तर त्या बुटाने फोड येणारच, वर कितीही चांगला दिसो. मोची आतून मऊ चामड्याचा तुकडा लावून देतो, पण तुकड्याच्या कडा तासून पातळ केल्या नाहीत तर ती कडच नवा फोड आणते. लांबच्या सहलीला असा दुरुस्त बूट न नेलेला बरा.

अस्तर ठीक असेल तर लेस बांधण्याची पद्धत बदला. बहुतेक स्पोर्ट्स शूजना सगळ्यांत वर, जरा मागच्या बाजूला, एक जादा भोक असतं आणि ते जन्मभर रिकामं राहतं. ते यासाठीच आहे.

१. पाय घालून टाच जमिनीवर मागच्या बाजूला दोनदा आपटा, म्हणजे ती कपात नीट बसेल.
२. लेस नेहमीसारखी फुली घालत जादा भोकाच्या खालच्या भोकापर्यंत आणा.
३. आता फुली न घालता लेसचं टोक त्याच बाजूच्या वरच्या जादा भोकात बाहेरून आत घाला. दोन भोकांमध्ये बोट जाईल एवढा फास बाहेर सोडा. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा.
४. दोन्ही टोकं एकमेकांवरून नेऊन समोरच्या बाजूच्या फासातून काढा.
५. टोकं खाली, टाचेच्या दिशेने ओढा. फास आवळतात आणि घोट्याभोवती पकड बसते. मग नेहमीची गाठ मारा.

बसल्या बसल्या ठीक वाटेल, पण खरी परीक्षा जिन्यावर. पायरी चढताना टाच वर सरकली तर आणखी थोडं आवळा. पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या आल्या तर मधली लेस सैल करा, वरची पकड तशीच ठेवा.

टाचेच्या आत चिकटवायच्या जेलच्या पट्ट्या मिळतात. त्यांनी टाच घट्ट बसते हे खरं, पण पाऊल तेवढंच पुढे ढकललं जातं. मापाला आधीच जेमतेम असलेल्या बुटात त्या लावल्या तर टाच वाचते आणि अंगठा चेपला जातो. बूट किंचित मोठा असेल तरच त्या लावाव्यात.

आणखी एक साधं कारण: बुटाच्या आत लपणारे आखूड मोजे. चालता चालता ते टाचेखाली गोळा होतात आणि उघडी टाच अस्तराला लागते. मोजा बुटाच्या काठाच्या किमान दोन बोटं वर यायला हवा. फोटोत मोजे दिसतील, दिसू द्या.

बोटांची टोकं आणि नखं

हा उतरणीचा फोड. गिरनारच्या पायऱ्या दहा हजारांच्या घरात आहेत. चढताना दम जातो, पण बोटं जातात ती उतरताना. रायगड पायऱ्यांनी उतरणाऱ्यांचंही तेच. प्रत्येक पायरीला पाऊल बुटात पुढे घसरतं आणि बोटं पुढच्या भिंतीवर आपटतात. टोकाला फोड येतो किंवा नखाखाली रक्त साकळून नख काळं पडतं.

बुटाची लांबी तपासायची खात्रीची रीत अशी: आतला सुटा इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर सगळं वजन टाकून उभे राहा. सगळ्यांत लांब बोटापुढे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर इनसोल उरला पाहिजे. अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं. मोजताना तेच धरा. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय सुजून थोडे मोठे होतात. सहलीत घालणार तेच मोजे दुकानात न्या. दोन पाय सारखे नसतात, त्यामुळे मोठ्या पायाचं माप घ्या.

उतरण सुरू होण्याआधी दोन मिनिटं थांबून टाचेची पकड पुन्हा आवळा. चढताना सैल केलेली लेस तशीच ठेवून उतरणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी सरळ रेषेत कापा, कोपरे खोल घेऊ नका. आदल्या रात्री घाईत जिव्हाळीपर्यंत कापलेलं नख दुसऱ्या दिवशी बुटात टोचतं.

करंगळी आणि बोटांच्या बेचक्या

करंगळीचा फोड म्हणजे बूट पुढून अरुंद आहे. लांबी वाढवून घेतली तर करंगळी तितकीच चेपलेली राहते आणि टाच मात्र सुटते, रुंदी हवी. तात्पुरता उपाय म्हणून लेस पूर्ण काढा आणि सगळ्यांत खालची, बोटांजवळची भोकांची जोडी रिकामी ठेवून दुसऱ्या जोडीपासून ओवा. पुढचा भाग थोडा उघडतो. काहींची करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडलेली असते. त्यांना पाचही बोटं वेगळी असलेले मोजे उपयोगी पडतात, कारण कातडीला कातडी लागत नाही. बायका चपलेत घालतात ते फक्त अंगठा वेगळा असलेले मोजे या कामाचे नाहीत. त्यांनी फक्त पहिली बेचकी झाकली जाते.

बेचकीत कातडी पांढरी, भिजल्यासारखी दिसत असेल, खाज आणि वास असेल तर तो फोड नव्हे, त्या चिखल्या. बुरशीवरचं मलम लागतं, आणि ते निघायच्या दोन आठवडे आधी सुरू केलं तर सहलीपर्यंत कातडी ताळ्यावर येते. चिखल्या अंगावर घेऊन वीस हजार पावलं चाललात तर ती भिजलेली कातडी फाटते.

चवडा आणि तळवा

पावलाच्या पुढच्या गादीवर, बोटांच्या मुळाशी येणारा फोड खोल, मोठा आणि सगळ्यांत दुखरा असतो. पाऊल पुढे ढकलताना सगळं वजन इथे येतं. इनसोल वापरून गुळगुळीत झाला असेल, पाय घामेजला असेल, मोज्याची सुरकुती पडली असेल तर इथेच भोगावं लागतं. रोममधल्या काळ्या दगडी चौकोनांचे रस्ते किंवा प्रागमधल्या जुन्या गल्ल्या यांत भर घालतात, कारण उंचसखल दगडांवर पाऊल बुटाच्या आत आडवंही सरकतं. तिथे पातळ तळव्याचे सपाट शूज आणि मागे पट्टा नसलेल्या सँडल घालणं म्हणजे फोडाला आमंत्रण आहे, कारण चप्पल पायात टिकवण्यासाठी बोटं सतत आवळली जातात.

इनसोल काढून अंगठ्याने दाबा. चवड्याखालचा भाग चपटा होऊन टाचेखालच्या भागापेक्षा पातळ लागत असेल तर तेवढा बदला. बूट चांगला असेल तर नवा घ्यायची गरज नाही. चवड्याच्या फोडाला लेसची करामत फार मदत करत नाही. दुपारी मोजे बदलणं आणि सकाळी टेप लावणं, हेच इथले दोन उपाय.

चवड्यावर किंवा टाचेच्या कडेला जुना घट्टा असेल तर त्याच्याखाली फोड येऊ शकतो, आणि तो फोडता येत नाही, दिसतही नाही, फक्त ठणकतो. निघायच्या आठवडाभर आधी अंघोळीनंतर वज्रीने रोज थोडा घट्टा उतरवा. सगळा काढू नका. थोडी जाड कातडी कामाची असते, आणि आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन तळवे मऊसूत करून आलेल्या माणसाचे पाय सगळ्यांच्या आधी जातात.

चपला, सँडल, वाळू, तापलेली फरशी

नवी कोल्हापुरी सहलीला घालून निघू नये, एवढं पुरेसं आहे. ती चावते अंगठ्याच्या बेचकीत आणि पट्ट्याखाली. पट्टा, अंगठा आणि कान आतून खोबरेल किंवा एरंडेल लावून मऊ करा, आणि घरात रोज तास-अर्धा तास वापरत दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावरून थेट सँडल घालून गावात चालायला लागलं की पट्ट्याखालची वाळू कातडी तासते. बाटलीतल्या पाण्याने पाय धुवा आणि पट्टे घालण्याआधी पुसा. ओल्या पायाला वाळू पुन्हा चिकटते.

देवळांत अनवाणी फिरताना दुपारच्या दगडी प्रांगणात येणारा फोड भाजल्याचा असतो. त्यावर वरचे उपाय चालत नाहीत. लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं पाय धरा, बर्फ लावू नका, तो फोड टोचू नका. मोठी देवळं सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर करा. जिथे परवानगी असेल तिथे जाड मोजे घाला.

मोजे, पावडर, व्हॅसलिन

हजारोंचे शूज आणि त्यात ऑफिसचे सुती मोजे, हे जोडपं फार वेळा दिसतं. सुती कापड घाम शोषतं आणि तसाच धरून ठेवतं, त्यामुळे कातडी दिवसभर दमट राहते. पॉलिएस्टर-नायलॉनचे खेळाचे मोजे किंवा मेरिनो लोकरीचे मोजे घाम बाहेरच्या थरात सरकवतात आणि लवकर वाळतात. माणशी तीन जोड पुरतात: एक पायात, एक पाठीवरच्या बॅगेत, एक हॉटेलच्या दांडीवर. बोटांवरची शिवण जाड असेल तर मोजा उलटा घाला, शिवण बाहेर जाते. बुटात जागा असेल तर आत पातळ नायलॉनचा आणि वर जरा जाड असे दोन मोजे घाला. मग घसरण दोन मोज्यांच्या मध्ये होते आणि कातडीवरची ओढ कमी होते. बूट आधीच घट्ट असेल तर हा प्रयोग करू नका.

टाल्कम पावडर सकाळचा तासभर बरी वाटते. घाम आल्यावर तिच्या गुठळ्या होतात आणि त्या बोटांखाली खड्यासारख्या लागतात. ज्यांच्या पायांना भरपूर घाम येतो त्यांनी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं घामरोधक द्रावण त्वचाविकारतज्ज्ञाला विचारून वापरून पाहावं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अमेरिकी लष्करी अकादमीच्या छात्रांनी निघण्याआधी काही दिवस रोज रात्री २० टक्के द्रावण लावलं होतं. २१ किलोमीटरच्या चालीनंतर निदान तीन रात्री ते लावलेल्यांपैकी २१ टक्क्यांना फोड आले, साधं द्रावण लावलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना. पण त्याच चाचणीत निम्म्याहून अधिक जणांच्या पायांची आग आणि खाज झाली. त्यामुळे पहिला प्रयोग घरी, सहलीच्या काही आठवडे आधी करा. विमानतळाच्या वाटेवर नको.

व्हॅसलिनवर अनेकांचा विश्वास आहे. पहिला तासभर ते खरोखर कातडी घसरती ठेवतं. काही तासांनी मात्र ते मोज्यात जिरतं, कातडी मऊ पडते आणि पकड आधीपेक्षा वाढते. लावायचं तर दर दोन तासांनी पुन्हा लावायची तयारी हवी. मांड्या घासणाऱ्यांनी ते मांड्यांना जरूर लावावं. पायांसाठी टेप बरा. दोन्ही एकत्र चालत नाहीत, कारण व्हॅसलिनवर टेप धरत नाही.

टेप: फोड येण्याआधी

औषधाच्या दुकानात मिळणारा कागदी टेप, म्हणजे आपला मायक्रोपोर, एक इंच रुंदीचा घ्या. माणशी एक गुंडाळी आठवड्याला भरपूर होते. टप्प्याटप्प्याच्या लांब शर्यती धावणाऱ्यांवर स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी याच्या चाचण्या घेतल्या आहेत. पहिल्या चाचणीत फायदा दिसला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत १२८ धावपटूंच्या नेहमी फोड येणाऱ्या जागांवर टेप लावला, तेव्हा फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. स्वस्त आहे, काढताना कातडी ओरबाडत नाही, म्हणून एवढा फायदाही पुरेसा.

लावायची पद्धत मात्र नीट हवी, नाहीतर टेपच फोड आणतो. पाय धुऊन पूर्ण कोरडे करा. रात्री तेल किंवा क्रीम लावलं असेल तर साबणाने काढा. टेपचे कोपरे कात्रीने गोल कापा, कारण चौकोनी कोपरा मोज्यात अडकून उलटतो आणि तिथून गुंडाळायला लागतो. दुखऱ्या जागेच्या चारही बाजूंना किमान दोन सेंटिमीटर जास्त टेप यायला हवा. ताणून लावू नका, नुसता ठेवा आणि अंगठ्याने मधून कडेला दाबत न्या. सुरकुती पडली तर तो तुकडा फेकून दुसरा घ्या. टाचेला आडवा लावा, घोट्याच्या दोन्ही बाजूंना पोचेल इतका. बोटाला अंगठीसारखा गुंडाळू नका, पाय सुजल्यावर तो आवळतो. वरून टोकावरून खाली असा एक तुकडा ठेवा आणि बाजूंनी दुसरा सैल ठेवा. मोजा चढवताना तो ओढू नका. आधी पूर्ण गोळा करून बोटांवर बसवा आणि मग मागे उलगडत न्या.

ल्युकोप्लास्टसारखा जाड चिकट टेप जास्त टिकतो, घामातही सुटत नाही. पण खाली फोड आला असेल तर काढताना फोडाचं छप्पर सोबत घेऊन येतो. तयार फोडावर तो कधीच थेट लावू नका.

चुरचुरायला लागलं की

फोड उठण्याआधी त्या जागी ऊब आणि चुरचुर जाणवते, ती वेळ हातची जाऊ देऊ नये. अडचण अशी की टूरमध्ये गाइड झेंडी घेऊन पुढे जात असतो आणि थांबायचा संकोच वाटतो. तो एखाद्या चर्चसमोर उभा राहून दहा मिनिटं इतिहास सांगतो, तेव्हा कडेला बसून बूट काढा. मोज्यातला खडा किंवा सुरकुती पाहा, पाय पुसा, टेप लावा, कोरडा मोजा घाला, लेस पुन्हा बांधा. सवय असली तर तीन-चार मिनिटांचं काम.

पाठीवरच्या बॅगेत एवढं असावं: टेपची गुंडाळी आणि आधीच गोल कापून बटर पेपरवर चिकटवलेले पाच-सहा तुकडे, एक जोड मोजे, छोटा नॅपकिन, दोन-तीन हायड्रोकोलॉइड पट्ट्या (जखमेचं पाणी शोषून फुगणाऱ्या). कात्री, निर्जंतुक सुया आणि पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक चेक-इन बॅगेत ठेवा.

फोड आलाच तर

लहान आणि न दुखणारा फोड तसाच ठेवा. वरचं कातडं ही सगळ्यांत चांगली पट्टी आहे. त्यावर दाब येत असेल तर जाड फोमची, मेदूवड्यासारखी मधे भोक असलेली चकती कापून अशी लावा की फोड भोकात राहील आणि वजन कडेवर पडेल.

मोठा, ताणलेला आणि चालूच न देणारा फोड रिकामा करावा लागतो. हात आणि पाय साबणाने धुवा. फोडावर पोव्हिडोन आयोडीन लावा. दुकानातून आणलेली सीलबंद सुई घेऊन फोडाच्या अगदी खालच्या कडेला दोन-तीन ठिकाणी टोचा आणि स्वच्छ कापसाने पाणी हलकेच बाहेर दाबा. छप्पर कापू नका, सोलू नका. वर थोडं जंतुनाशक मलम, न चिकटणारं गॉझ आणि त्यावर टेप. पुन्हा पाणी भरलं तर पुन्हा हेच. सुईत दोरा ओवून तो फोडात सोडायची जुनी रीत आहे. पाणी निथळतं खरं, पण तो दोरा जंतूंना आत जायची वाटच करून देतो. टूथपेस्ट, हळद, चुना यांपैकी काहीही लावू नका. आत रक्त दिसत असेल तर तो फोड टोचू नका.

छप्पर उडालं असेल तर हायड्रोकोलॉइड पट्टी उत्तम. युरोपात हिरव्या क्रॉसच्या कुठल्याही फार्मसीत ‘कॉम्पीड’ म्हणून मागा. जखम धुऊन, भोवतालची कातडी कोरडी करून, पट्टी तळहातात मिनिटभर गरम करून लावा. खाली पांढरा फुगा दिसतो, तो पू नव्हे. पट्टी पाणी शोषून फुगते. कडा आपोआप सुटेपर्यंत ती दोन-तीन दिवस तशीच ठेवायची असते. रोज उचकटून पाहिलं तर नवी आलेली कातडीही निघून येते.

हॉटेलवर पोचल्यावर

पाय धुवा, बेचक्या पुसा, पंधरा मिनिटं भिंतीला टेकवून वर ठेवा. बुटातले इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला. गरम पाण्यात मीठ घालून अर्धा तास पाय बुडवायची सवय सहलीपुरती बाजूला ठेवा. बरं वाटतं, पण कातडी भिजून मऊ पडते आणि सकाळी तीच वीस हजार पावलांना सामोरी जाते. पाच मिनिटं चालतील.

शक्य असेल तर बुटांच्या दोन जोड्या न्या आणि एक दिवसाआड बदला. घाम वाळायला चोवीस तास मिळतात आणि दाब रोज त्याच जागी पडत नाही. दोन्ही जोड्या आधी वापरलेल्या हव्यात. निघायच्या तीन आठवडे आधीपासून त्यांतच चाला: पहिल्या आठवड्यात रोज तीन-चार किलोमीटर, मग हळूहळू वाढवत शेवटच्या आठवड्याआधीच्या शनिवारी आणि रविवारी सलग दोन दिवस दहा-दहा. सलग दोन दिवस महत्त्वाचे, कारण फोड दुसऱ्या दिवशीच येतो. तो आलाच, तर घरी येईल आणि जागा कळेल.

हे घरगुती उपायांच्या बाहेरचं

मधुमेह असेल, पायांची संवेदना कमी असेल किंवा पायांचा रक्तपुरवठा कमी असेल तर फोड स्वतः टोचू नका, अनवाणी फिरू नका आणि गरम पाण्यात पाय बुडवू नका. रोज रात्री तळवे आरशात किंवा फोनचा कॅमेरा लावून पाहा, कारण दुखत नाही म्हणजे फोड नाही असं या मंडळींच्या बाबतीत धरता येत नाही. इतरांनाही फोडातून पू आला, भोवतालची लाली पसरत चालली, लाल रेघ वर चढताना दिसली, पाय गरम होऊन ठणकू लागला किंवा ताप आला तर पुढच्या शहरात दाखवू म्हणून थांबू नये; त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. परदेशात असाल तर प्रवासविम्याच्या मदत क्रमांकावर आधी फोन करा, जवळचा दवाखाना तेच सांगतात, आणि औषधांची बिलं जपून ठेवा.